मसुराएवढा मेंदू आणि आपली सही

मेंदूचा बारीकसा तुकडा लॅबमध्ये वाढवता येतो ही गोष्ट आता तशी जुनी झाली. २०१३ साली व्हिएन्नामध्ये मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिख यांनी तो वाढवून दाखवला, जेमतेम चार मिलीमीटरचा, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा. त्याला ब्रेन ऑर्गनॉइड म्हणतात. यासाठी कोणाच्या डोक्याला हात लावावा लागत नाही. कातडीच्या नाहीतर रक्ताच्या पेशी घ्यायच्या, जपानच्या शिन्या यामानाकांनी शोधलेल्या पद्धतीनं त्यांना पार मूळ अवस्थेत न्यायचं, इतकं की त्यातून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकेल, आणि मग ठरावीक रसायनं देत त्यांना मेंदूच्या वाटेला लावायचं. पुढची रचना बऱ्याच अंशी पेशी स्वतःच करतात, आणि मला यातलं सगळ्यात थक्क करणारं हेच वाटतं.

उपयोग काय, तर काही बाळं जन्मतःच लहान डोक्याची असतात, आणि असं का होतं ते उंदरांवर प्रयोग करून नीट कळत नव्हतं कारण उंदरात तोच जीन बिघडवला तरी मेंदू माणसासारखा इतका लहान होत नाही. लँकेस्टर यांनी अशाच एका पेशंटच्या पेशींपासून ऑर्गनॉइड वाढवला, तोही छोटाच राहिला आणि कारण दिसलं, मेंदूच्या मूळ पेशींनी आपली संख्या पुरेशी वाढवायच्या आधीच न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशी, व्हायला सुरुवात केली होती. झिका हा डासांमुळे पसरणारा व्हायरस, गरोदरपणी झाला तर बाळाचं डोकं लहान राहू शकतं. ब्राझीलमध्ये त्याची साथ आली तेव्हा २०१६ मध्ये याच तुकड्यांवर दिसलं की तो व्हायरस नेमका त्या मूळ पेशींनाच धरतो. आपल्याकडे २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा पेशंट सापडला, २०२४ मध्ये पुणे शहरात सापडले, म्हणजे हे काही लांबचं प्रकरण नाही. अशा कामासाठी कोणी माझ्या पेशी मागितल्या तर मी लगेच देईन.

पण याला छोटा मेंदू म्हणून टाकतात ते मला पटत नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे थोडा मोठा झाला की आतल्या पेशींना ऑक्सिजन पोचत नाही आणि त्या मरतात. डोळे नाहीत, कान नाहीत, बाहेरच्या जगाचा पत्ताच नाही.

आता दुसरा उपयोग, मेंदूच्या पेशींना कॉम्प्युटरसारखं कामाला लावायचा. २०२२ मध्ये मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्जनं माणसाच्या आणि उंदराच्या साधारण आठ लाख मेंदूपेशी इलेक्ट्रोडच्या चिपवर पसरून पाँग हा बॅटनं बॉल अडवायचा जुना व्हिडिओ गेम खेळायला लावला. हा ऑर्गनॉइड नव्हता, पेशींचा सपाट थर होता. बॉल लागला की पेशींना ठरावीक, ओळखीचा सिग्नल, चुकला की कसाही गोंधळ, आणि पेशी तो गोंधळ टाळायला लागल्या, खेळ हळूहळू सुधारला. २०२३ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात ऑर्गनॉइड वापरून आठ जणांच्या आवाजातले जपानी स्वर ओळखायचा प्रयोग झाला, ट्रेनिंगनंतर सुमारे ७८ टक्के बरोबर. आणि २०२५ च्या मार्चमध्ये कॉर्टिकल लॅब्जनं माणसाच्या पेशींवर चालणारं मशीन विक्रीलाच आणलं, किंमत साधारण ३५ हजार डॉलर.

एवढी धडपड कशाला, तर वीज वाचवायला. आपला अख्खा मेंदू २० वॉटवर चालतो आणि अमेरिकेतला फ्रंटियर सुपरकॉम्प्युटर २० मेगावॉटच्या आसपास खातो, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या एकलहरे वीजकेंद्रातल्या २१० मेगावॉटच्या एका संचाची दहावा हिस्सा वीज एकट्या मशीनला. अर्थात पेशी ३७ अंशावर ठेवायला, त्यांना सतत खाऊपिऊ घालायलाही वीज लागतेच, जाहिरातीत तेही धरायला हवं.

त्या तुकड्याला काही जाणवतं का? स्टेम सेल, म्हणजे अशा मूळ पेशींवर काम करणाऱ्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ च्या नियमावलीत म्हटलंय की जाणीव किंवा वेदना असल्याचा पुरावा आज नाही. मला ते पटतं. पाँगवाल्या पेपरच्या नावातच ‘संवेदनक्षम’ अशा अर्थाचा शब्द होता, त्यावर बऱ्याच शास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि ती बरोबरच होती. पण २०२२ मध्येच स्टॅनफर्डच्या सर्ज्यू पाश्का यांच्या टीमनं माणसाचा ऑर्गनॉइड उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत बसवला, तो तिथे रुजला, त्याला रक्तपुरवठा मिळाला आणि उंदराच्या मिशा हलवल्या की त्यातल्या पेशी प्रतिसाद द्यायला लागल्या. मग रक्तवाहिन्या नाहीत, बाहेरचं काही पोचत नाही, ही कारणं किती दिवस पुरणार?

मला त्याहून जवळचा वाटतो तो सहीचा प्रश्न. आपल्या नाशकात मोठी हॉस्पिटलं आहेत, मेडिकल कॉलेजं आहेत, म्हसरूळला राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे, म्हणजे इथे कोणी ना कोणी रोज संमतीपत्रावर सही करत असणार, बहुतेक न वाचता. रोगाच्या संशोधनासाठी रक्त देणं वेगळं आणि त्याच रक्तापासून झालेले न्यूरॉन एखाद्या कंपनीच्या मशीनमध्ये बसवून विकले जाणं वेगळं, त्यामुळे या दोन गोष्टींना दोन वेगळ्या सह्या हव्यात आणि दोन्ही स्वच्छ मराठीत. माघार घ्यायची मुदतही लिहिलेली हवी, कारण पेशी एकदा जगभरच्या लॅबमध्ये वाटल्या गेल्या की परत मागवणं जवळपास अशक्य.

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीला हे सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, आजारासाठी खुशाल घ्या रे, पण मशीन करून विकणार असाल तर आधी विचारा, आणि पैसे कोणाला मिळणार तेही सांगा. हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या पेशंटच्या पेशी १९५१ मध्ये अमेरिकेत त्यांना न विचारताच घेतल्या होत्या, त्यावर कंपन्यांनी अमाप कमावलं, आणि त्यांच्या वारसांची त्यातल्या एका कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ मध्ये.