उत्तरपत्रातील उद्धरण

आलेल्या पत्रातील मजकूर उत्तरात आधी नमूद करून मग त्यावर आपले म्हणणे लिहिण्याची रीत. मराठी दप्तरी लेखनात ती सतराव्या शतकापासून सर्रास आढळते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः गायकवाडांच्या बडोद्याशी संबंधित मोडी पत्रव्यवहार विचारात घेतला आहे. १७५१-५२च्या तडजोडीनंतर गुजरातच्या उत्पन्नाची पेशवे व दमाजी गायकवाड यांच्यात वाटणी झाली आणि हिशेब, खंडणी, फौजेची चाकरी या विषयांवर पुणे व बडोदे यांच्यात लिहिणे वाढले.

पत्राच्या आरंभीचा मायना (संबोधन) व क्षेमसमाचार आणि शेवटचे मोर्तब (समाप्तीची मुद्रा) परिचितच आहेत. उद्धरण हा आरंभ व हा शेवट यांच्या मधे येते. आधी पत्र पोचल्याची कबुली, मग मूळ मजकुराचा सारांश, त्याच्या अखेरीस ‘म्हणोन लिहिले ते सविस्तर कळले’ आणि लगेच ‘ऐसियास’ (त्यावर असे की) या शब्दाने उत्तराला आरंभ, असा क्रम असे. उदाहरणार्थ, ‘फौजेचा खर्च सत्वर आला पाहिजे म्हणोन लिहिले ते कळले. ऐसियास ऐवजाची तजवीज होत आहे.’ अवतरणचिन्हे नसलेल्या सलग मोडी मजकुरात दुसऱ्याचे बोलणे कोठे संपले हे या दोन शब्दांवरूनच ओळखावे लागते. ‘म्हणोन’च्या आधीचे वाक्य बहुधा मूळ लेखकाच्याच तोंडचे, प्रथमपुरुषी राहते. त्यामुळे त्यातला ‘आम्ही’ कोणाचा, याविषयी वाचकाची फसगत होण्याचा संभव असतो. जुन्या पत्रांच्या छापील निवडींमध्ये संपादकाने घातलेल्या विरामचिन्हांवर म्हणूनच सर्वस्वी विसंबू नये.

हा पुनरुच्चार पाल्हाळ नव्हे. पत्र एका कारकुनाने लिहावे, दुसऱ्याने दरबारी वाचून दाखवावे, अशी पद्धत होती. शिवाय वाटेत एकाच वेळी अनेक पत्रे असत. म्हणून पत्राची तारीख सांगत आणि आलेल्या कागदावर पैवस्तीची (पत्र पोचल्याची) नोंद करीत. दर्जानुसार कबुलीचे शब्द बदलत. वरिष्ठांचे आज्ञापत्र ‘शिरसा वंदिले’, बरोबरीच्याचे ‘पावले’, कनिष्ठाने कळविलेले ‘विदित जाले’. नाजूक मजकूर मात्र उतरवीत नसत. ‘लिहिले ते कळले’ एवढेच लिहून बाकीचे मुखजबानीवर सोपवीत.

या रीतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत तिला फार्सी इन्शा (पत्रलेखनकला) परंपरेची देणगी मानते. फर्मानातही आधी हकीकत श्रुत झाल्याचे निवेदन आणि नंतर हुकूम असतो. पैवस्ती, जाबसाल (सवालजबाब), कलम ही शब्दसंपत्तीही तिकडचीच आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी मराठीवरील फार्सीच्या प्रभावाची चर्चा जुन्या पत्रांच्या आधारेच केली आहे. दुसरे मत देशी परंपरेकडे बोट दाखवते. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर सांगितले जाणारे मेस्तक (दप्तरी लेखनाचे नियम सांगणारा ग्रंथ) हा त्याचा एक आधार. ते खरोखर हेमाद्रीचे असेल तर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले ठरेल, पण उपलब्ध पाठांची भाषा उत्तरकालीन वाटते. दुसरा आधार लेखपद्धती हा संस्कृत ग्रंथ. गुजरातेतील दस्तऐवज व पत्रे यांच्या नमुन्यांचा हा संग्रह बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत चि. डा. दलाल व गजानन कु. श्रीगोंदेकर यांनी १९२५ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. त्यातील पुष्कळ नमुन्यांवर विक्रम संवत १२८८ (सु. १२३१-३२) हे वर्ष आहे. तथापि नमुन्यावरील वर्ष हे संग्रहाचेच वर्ष मानणे धोक्याचे, कारण अशा पोथ्यांत नकलाकार भर घालीत जातात. ग्रंथ बडोद्यात छापला गेला यावरून मराठी दप्तराने तो कधी वापरला असेही ठरत नाही. वाक्याच्या शेवटी येणारे ‘म्हणोन’ संस्कृत ‘इति’च्या जागी बसते, ही गोष्ट देशी मताला अधिक अनुकूल दिसते. सांगाडा देशी आणि शब्दांचा पेहराव फार्सी, असे मानणे त्यातल्या त्यात सयुक्तिक होय.

यादी या प्रकारच्या कागदातील रीत याहून वेगळी आहे. मागण्या कलमवार लिहून प्रत्येक कलमापाशीच ‘करार’ किंवा ‘येणेप्रमाणे करावे’ असा निर्णय नोंदवीत. येथे उद्धरणाची गरजच उरत नाही. प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर राहतात. तंटा उपस्थित झाल्यास पत्रापेक्षा असा कागद उपयोगी पडे.

१८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर बडोद्यास ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट (दरबारातील प्रतिनिधी) झाल्यावर कंपनीच्या कागदांतील क्रमांकित परिच्छेदांचा परिचय वाढला. मजकूर न उतरवता परिच्छेदाचा आकडा सांगून उत्तर देणे ही तिकडची पद्धत. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) कारभाराच्या परिभाषेकडे लक्ष पुरवले गेले. श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा बहुभाषी कोश १९३१ चा. आजच्या कार्यालयीन मराठी पत्रातील ‘संदर्भ’ ही ओळ केवळ क्रमांक व दिनांक देते.

ई-मेलमध्ये उद्धृत ओळीपूर्वी कोनचिन्ह (>) घालण्याचा प्रघात पडला. इंटरनेटविषयक टिपणांच्या मालिकेतील आरएफसी १८५५ (१९९५) हे शिष्टाचारविषयक टिपण संदर्भ कळेल एवढाच मूळ मजकूर वर ठेवावा, सगळा नव्हे, असे सुचवते. आलेले संपूर्ण पत्र उत्तराखाली तसेच ठेवणे मात्र अधिक रूढ झाले आहे.