चावा, लस आणि मधले अंतर : रेबीजविषयक संशोधनाची पार्श्वभूमी

पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्या कोणाजवळही कुत्रा चावल्याचा विषय काढला, तर पहिली आठवण बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची निघते. ती इंजेक्शने बंद होऊन आता वीस वर्षे झाली आहेत, तरी त्यांची धास्ती गेलेली नाही. चावा लपवणारी मुले आणि ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून दवाखाना टाळणारे पालक आजही भेटतात. रेबीजवर काम करणाऱ्या सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकाला जे प्रश्न आज सोडवावे लागतात, त्यांतले बरेचसे लसीच्या शोधातून आलेले नसून लस माणसापर्यंत पोहोचण्याच्या इतिहासातून आलेले आहेत. तो इतिहास थोडा मागून सुरू करावा लागतो.

आपल्याकडे हा रोग जुनाच. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या विषाचे वर्णन येते, ‘जलत्रास’ हे लक्षणही येते आणि पाण्याची भीती सुरू झालेला रुग्ण वाचत नाही, असा स्पष्ट निर्वाळाही येतो. हा निर्वाळा आजही जवळजवळ शब्दशः खरा आहे. विषाणू चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्यामार्गे मेंदूकडे सरकत राहतो; या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की उपचारांचा उपयोग होत नाही. मात्र प्रवास संथ असल्यामुळेच चावल्यानंतर लस देऊनही माणूस वाचवता येतो. अशी सवड फार थोडे संसर्गजन्य रोग देतात.

या सवडीचा उपयोग पहिल्यांदा केला तो लुई पाश्चर यांनी. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांच्या देखरेखीखाली सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस टोचण्यास सुरुवात झाली आणि तो मुलगा वाचला. पुढची काही वर्षे हिंदुस्थानातून उपचारांसाठी जायचे ते पॅरिसलाच, आणि ते अर्थातच ज्यांना बोटीचे भाडे परवडत होते किंवा सरकारी खर्चाने पाठवले जात होते, त्यांनाच शक्य होते. १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था सुरू झाल्या तेव्हा हे अंतर समुद्रापारचे न राहता रेल्वेचे झाले. तरीही दख्खनच्या एखाद्या खेड्यातल्या माणसाला हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचायला जे दिवस लागत, ते त्याच्या जखमेतल्या विषाणूच्याही वाटचालीचेच दिवस असत.

कसौलीच्या संस्थेचे पहिले संचालक डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास हे अंतर तोडणारी लस तयार केली. रोगट मेंदूतला विषाणू फिनॉलने मारलेली ही लस टिकाऊ होती, तिला जागेवर ताजे मज्जारज्जू वाळवत बसण्याची गरज नव्हती आणि ती बाटलीत भरून दूर पाठवता येत होती. पुढे मेंढ्यांच्या मेंदूपासून ती मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली आणि उपचार जिल्ह्याच्या रुग्णालयांपर्यंत उतरला. बेंबीभोवतीची इंजेक्शने ती हीच. तिची किंमत वेगळ्या रूपाने चुकवावी लागे. मेंदूच्या ऊतीतील मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरच्या वेष्टणाचा पदार्थ, शरीरात गेल्यामुळे काही जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटत असे आणि लस घेतलेल्या माणसाला पक्षाघात होई. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात पसरलेल्या गियाँ-बारे सिंड्रोममुळे पुणेकरांना अशा उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीची ओळख झाली. तिथे निमित्त कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गाचे होते, इथे लसीचे असे. या दोषाची चर्चा अनेक दशके झाली, जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकातच अशा लसी थांबवण्याचा सल्ला दिला, तरी भारतात त्या २००४ च्या अखेरीपर्यंत चालूच राहिल्या. स्वस्त आणि सरकारी असलेली गोष्ट बदलायला आपल्याकडे किती वेळ लागतो, याचे हे उदाहरण आहे, असे मला वाटते.

पर्याय तोवर तयार होताच. मेंदूऐवजी पेशींच्या संवर्धनात वाढवलेल्या विषाणूची लस १९६० च्या दशकात अमेरिकेतील विस्टार संस्थेत विकसित झाली. तिची खरी कसोटी इराणमध्ये लागली : पिसाळलेले लांडगे आणि कुत्रे चावलेल्या ४५ जणांना ती दिली गेली आणि ते सर्व वाचल्याचा अहवाल १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९५४ साली इराणमध्येच एका पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत एका गावातील २९ जणांना चावे घेतले होते. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकी ज्यांना केवळ लस मिळाली अशा पाच जणांतील तिघे दगावले. लसीबरोबर सीरमही, म्हणजे रोगाविरुद्धची तयार प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) असलेला रक्तद्रवही, मिळालेल्या तेरा जणांतील एकच दगावला. शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करेपर्यंतचे काही दिवस बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांनी भरून काढावेत, हा आजचा नियम या एका रात्रीच्या घटनेने पक्का केला.

पेशींवर वाढवलेली लस सुरक्षित होती, पण महाग होती. इथे थायलंडमधील संशोधकांनी एक साधा, पण फार परिणामकारक मार्ग काढला. स्नायूत पूर्ण कुपी देण्याऐवजी त्वचेमध्येच ०.१ मिलिलिटर लस दोन जागी दिली, तरी प्रतिकारशक्ती पुरेशी निर्माण होते. कारण त्वचेत प्रतिकारशक्तीला खबर देणाऱ्या पेशी दाट असतात. भारतात या पद्धतीला २००६ साली मान्यता मिळाली आणि एका रुग्णाला चार भेटींत मिळून लागणारी लस एका मिलिलिटरच्याही आत आली. अडचण आली ती वेगळ्याच टोकाला. उघडलेली कुपी काही तासांत वापरून संपवावी लागते. दिवसाला वीस-पंचवीस श्वानदंश येणाऱ्या शहरी दवाखान्यात हे सहज जमते, आठवड्याला दोन रुग्ण येणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जमत नाही. शिवाय त्वचेमध्ये सुई नेमकी घालणे ही हाताची कला आहे, आणि ती शिकवावी लागते. केंद्र सरकारने २००८ मध्ये रेबीजने होणारे मृत्यू रोखण्यासाठी पाच शहरांत जो प्रायोगिक प्रकल्प घेतला, त्यात दिल्ली, अहमदाबाद, बंगळूर आणि मदुराईबरोबर पुणेही होते. परिचारिकांना आणि डॉक्टरांना हे तंत्र शिकवणे आणि जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुण्याचा आग्रह धरणे, हा त्याचा गाभा होता. जखमेवर मिरचीपूड, चुना किंवा हळद भरून येणारे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पंधरा मिनिटे किती महत्त्वाची आहेत, हे सांगावे लागत नाही.

सीरमच्या बाजूला पुण्याचा संबंध अधिक थेट आहे, आणि तो घोड्यांपासून सुरू होतो. पूनावाला कुटुंबाच्या घोड्यांच्या पैदास केंद्रातील निवृत्त घोडे सीरमच्या उत्पादनासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात असत. त्यातूनच स्वतः सीरम तयार करण्याची कल्पना पुढे आली आणि १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. धनुर्वाताचे प्रतिविष हे तिचे सुरुवातीचे उत्पादन. रेबीजचे सीरमही घोड्यांपासूनच मिळते, पण घोड्याची प्रथिने काही रुग्णांना बाधतात, आणि माणसाच्या रक्तापासून केलेले सीरम सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर काम करून हडपसरच्या कंपनीने एकाच प्रकारचे मानवी प्रतिपिंड प्रयोगशाळेत तयार केले आणि २०१६ साली त्याला भारतात परवाना मिळाला. घोड्यांपासून उभ्या राहिलेल्या कारखान्याने घोड्याला पर्याय शोधावा, ही गंमतीची गोष्ट आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रतिपिंडांना मान्यता दिली, आणि सीरम शरीरात दूरवर न देता जखमेत आणि तिच्या अवतीभवतीच द्यावे, असेही सांगितले. त्यामुळे लहान जखमांना लागणारे सीरम कमी झाले.

इतके सगळे झाल्यावर माणसे मरतात किती, हा प्रश्न साधा वाटतो, पण रेबीजच्या संशोधनात त्याचे उत्तर मिळवणे सर्वांत कठीण ठरले आहे. लक्षणे दिसलेल्या रुग्णाला घरचे लोक पुष्कळदा परत घेऊन जातात आणि मृत्यू घरीच होतो. सुमारे एक पंचमांश रुग्णांत पाण्याची भीती दिसतच नाही, केवळ अंग लुळे पडत जाते, आणि तो मृत्यू दुसऱ्याच नावाने नोंदला जातो. २००३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने वर्षाला २०,५६५ मृत्यूंचा अंदाज दिला. घरच्या माणसांकडून शेवटच्या आजाराची हकीकत ऐकून मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या देशव्यापी अभ्यासाने २००५ सालासाठी सुमारे १२,७०० हा आकडा काढला, आणि तोही केवळ पाण्याची भीती असलेल्या रुग्णांचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणाने वर्षाला ५,७२६ मृत्यू आणि सुमारे ९१ लाख प्राणिदंश असा अंदाज मांडला. या दंशांतील सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांचे होते, आणि कुत्रा चावलेल्यांतील पाचांपैकी सुमारे एकाने लस घेतलीच नव्हती. हे तीन आकडे एका सरळ रेषेत ठेवून रोग घटल्याचे जाहीर करण्याचा मोह होतो, पण तिन्हींची मोजण्याची रीत वेगळी आहे. रोग घटला आहे, हे बहुधा खरे. किती घटला, हे या तुलनेतून सांगता येणार नाही.

म्हणूनच गावातली प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद वर्षानुवर्षे ठेवणाऱ्या क्षेत्रांचे मोल संशोधकाला वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने वढू येथे जे ग्रामीण आरोग्याचे काम उभारले, त्यातूनच पुढे शिरूर आणि हवेली तालुक्यांतील गावांची अशी नोंद सुरू झाली. रेबीज हा अशा कामाचा मुख्य विषय नसतो, पण दवाखान्याच्या वहीत न आलेला मृत्यू सापडतो तो अशाच ठिकाणी. मानवी रेबीज हा कळवण्याजोगा रोग करावा, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारी यंत्रणेला देणे बंधनकारक करावे, असे केंद्राने राज्यांना २०२१ मध्ये सांगितले, त्यामागेही हीच निकड होती. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडाही प्रसिद्ध झाला.

त्या आराखड्याचा भर माणसांच्या लसीवर जितका आहे तितकाच कुत्र्यांच्या लसीवर आहे. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिलेली असली, तर त्यांच्यातला रोगाचा फैलाव थांबतो, असे जगभरचा अनुभव सांगतो. गोव्याने सलग काही वर्षे गल्लोगल्ली जाऊन हे केले आणि २०२१ साली ते रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. पुण्यासारख्या शहरात कुत्र्यांविषयीची चर्चा मात्र बहुतेक वेळा निर्बीजीकरणाभोवतीच फिरते. शस्त्रक्रियेच्या वेळी रेबीजची लस दिली जाते आणि ओळखीसाठी कानाला खाच पाडली जाते. पण ती लस ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते, आणि कानाच्या खाचेवरून शेवटची लस कधी दिली ते समजत नाही. त्यामुळे एखाद्या प्रभागात यंदा किती टक्के कुत्रे लसवंत आहेत, हे ठरवण्यासाठी संशोधकांना लसीकरणाच्या मोहिमेत कुत्र्यांच्या अंगावर रंगाची खूण करून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यांवरून खुणा असलेले आणि नसलेले कुत्रे मोजत फिरावे लागते.