लाकडाला ड्रिलचं कुठलंही बिट चालतं? नाही चालत

‘लाकूड काय, मऊच. ड्रिल मशीनला हाताला येईल ते बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, लावा आणि जोर द्या,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. भोक पडतं, म्हणून तो खरा वाटतो. पण ते भोक जवळून बघा: कडा फाटलेल्या, आतून काळपट, आणि खुणेपासून दोन मिलिमीटर सरकलेलं.

भिंतीत भोक पाडायचं बिट कापत नाही, ठेचतं. त्याच्या टोकाला बसवलेला कार्बाइडचा कठीण तुकडा विटा-काँक्रीट फोडण्यासाठी मुद्दाम बोथट ठेवलेला असतो. लाकडात तो घासत राहतो, मग धूर निघतो आणि आपण लाकडाला कडक म्हणून दोष देतो! धातूत भोक पाडायचं बिट कापतं खरं, पण त्याचं टोक साधारण 118 अंशांचं, पसरट. लाकडाच्या रेषांवरून ते घसरतं. आधी टोच्याने खळगा केला तर बऱ्यापैकी काम भागतं.

लाकडाच्या खास बिटाला मध्ये अणकुचीदार टोक असतं, ते खुणेवर रुतून बसतं. कडेची दोन धारदार टोकं आधी तंतू गोलाकार कापतात, मगच आतला भाग निघतो. कड स्वच्छ येते ती त्यामुळे.

वेगाचंही तसंच. त्याच फेऱ्यांना 25 मिलिमीटरच्या बिटाची कड 5 मिलिमीटरच्या बिटापेक्षा पाचपट वेगाने फिरते. म्हणून मोठं बिट हळू चालवा. खोल भोकात ते अधूनमधून बाहेर काढून भुसा झाडा. आणि खाली एक टाकाऊ फळी घट्ट दाबून धरा, मागच्या बाजूला चिरफळ्या उडत नाहीत.