डिस्क तीच, ओळख बदललेली

‘अपडेटने डेटा खाल्ला’ हे वाक्य मी एका मध्यरात्री फोनवर ऐकले. सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या कुलूपबंद खोलीत होता आणि माझ्यासमोर फक्त ब्राउझर. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावर यंत्र नीट सुरू झाले होते, मात्र डेटास्टोअरची, म्हणजे या मशीनच्या फाईली ठेवण्याच्या जागांची, यादी कोरी होती आणि व्हर्च्युअल मशीनच्या नावांच्या जागी लांबलचक पत्ते दिसत होते. डेटा खरोखर गेला असेल, तर असे पत्ते उरतातच कशाला, हा पहिला प्रश्न मनात आला.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी काही फाईलींचा संच. या फाईली व्हीएमएफएस नावाच्या फाईल सिस्टिमवर राहतात आणि तिच्या प्रत्येक खंडाला (डेटास्टोअर म्हणून दिसतो तो हाच) जन्मतःच 32 षोडशमान अंकांची ओळख मिळते. त्यातील पहिल्या 8 अंकांत खंड तयार झाला तो क्षण दडलेला असतो आणि शेवटच्या 12 अंकांत तो तयार करणाऱ्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक. म्हणजे ही ओळख एक प्रकारची जन्मपत्रिकाच, फक्त भविष्य न सांगणारी. याखेरीज खंडाच्या सुरुवातीच्या नोंदींत, तो ज्या डिस्कवर आहे त्या डिस्कची ओळखही लिहिलेली असते. सर्व्हर सुरू होताना ही लिहिलेली ओळख आणि डिस्क स्वतः सांगते ती ओळख ताडून पाहतो. दोन्ही जुळल्या नाहीत, तर हा मूळ खंड नसून त्याची नक्कल, म्हणजे स्नॅपशॉट, असावी असे मानून तो खंड जोडतच नाही.

हा संशय अनाठायी नाही. मोठ्या स्टोरेज यंत्रणा अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतात आणि त्या प्रतीत 32 अंकही तेच उतरतात. मूळ आणि प्रत एकाच वेळी जोडली गेली, तर एकीसाठीचे लिखाण दुसरीवर जाऊन दोन्ही बिघडण्याचा धोका असतो. अपडेटनंतर मात्र ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, बदलतो, नवा ड्रायव्हर त्याच डिस्कची ओळख निराळ्या पद्धतीने कळवतो आणि अस्सल खंडच तोतया ठरतो. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा शेत जागचे हलले नव्हते. जुना कागद घेऊन गेलेल्याला मात्र ते सापडत नव्हते.

सर्व्हरला दिसणाऱ्या डिस्कच्या यादीत डिस्कच नसेल, तर दुखणे वेगळे. 2020 साली आलेल्या ईएसएक्सआय 7.0 मधून जुन्या धाटणीचे लिनक्स ड्रायव्हर काढून टाकण्यात आले आणि डिस्क ज्यांना जोडलेल्या असतात ते काही जुने कंट्रोलर दिसेनासे झाले. अशा वेळी सर्व्हरमधल्या स्वतंत्र व्यवस्थापन चिपमार्फत दुरूनच पडदा आणि कळफलक हाती घेता येतो. एरवीच्या अपडेटनंतर सुरू होताना शिफ्ट व आर दाबून मागील आवृत्तीवर परतता येते, कारण ती दुसऱ्या कप्प्यात जपून ठेवलेली असते; जुन्या आवृत्तीवरून 7.0 वर येताना मात्र बूट डिस्कची मांडणीच बदलते, म्हणून ही वाट बंद असते आणि आधी घेतलेला बॅकअपच कामी येतो.

आमची डिस्क यादीत होती. (खंडेनवमीला सर्व्हरला झेंडू जरूर वाहावा; पण ‘पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, येईल’ ही श्रद्धा इथे कामाची नाही, कारण दर वेळी तीच तुलना होऊन तेच उत्तर येते.) फोनवरचा गृहस्थ एव्हाना नवा डेटास्टोअर तयार करण्याच्या पडद्यावर पोहोचला होता. तिथे डिस्क फॉरमॅट करण्याचा पर्याय असतो, आणि खरा डेटा जातो तो तिथे. त्याला थांबवून मी एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा टंकून काम करण्याच्या सुरक्षित वाटेने, सर्व्हरच्या आत शिरलो आणि न जोडलेल्या स्नॅपशॉटांची यादी मागवली. हरवलेल्या डेटास्टोअरचे नाव तिच्यात होतेच.

आता पर्याय दोन. नवी सही केली, म्हणजे खंडाला नवी ओळख दिली, तर 32 अंक बदलतात, नावाच्या सुरुवातीला ‘स्नॅप’ लागते आणि प्रत्येक मशीनची नोंद नव्याने करावी लागते. जुनी सही राखून खंड जोडला, तर ते अंक असलेले मशीनचे पत्ते तेच राहतात; मात्र मूळ खंड अन्यत्र कुठेही जोडलेला नाही याची खात्री हवी. आमची डिस्क सर्व्हरच्या पोटातलीच आणि एकुलती एक, म्हणून दुसरा पर्याय घेतला. यादी ताजी करताच पत्त्यांच्या जागी एकेक नाव परतले, आणि हिशेबाचे मशीन मी सर्वांत आधी सुरू केले.