वर्डची फाइल कुठे उघडायची, हे ठरवतं कोण?

लिंक एकच. तुम्ही क्लिक केलं की फाइल गुपचूप डाउनलोड्समध्ये जाऊन बसते, शेजारच्या टेबलावर तीच फाइल ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडते आणि तिसऱ्याकडे थेट वर्ड सुरू होतं. मग नेटला किंवा जुन्या संगणकाला दोष दिला जातो. खरं तर फाइल डोळ्यांसमोर येण्याआधी तिच्याबद्दल तीन ठिकाणी निर्णय होतात: सर्व्हरवर (फाइल पाठवणाऱ्या संगणकावर), ब्राउझरमध्ये आणि शेवटी वर्ड किंवा एक्सेलमध्ये. यातले शेवटचे दोन आपल्याला बदलता येतात.

सर्व्हर फाइलच्या आधी काही ओळी पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. ‘कंटेंट-टाइप’ ही ओळ फाइलचा प्रकार सांगते. ही सोय मुळात ईमेलसाठी होती. नेथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या १९९२ च्या ‘माइम’ मानकातून ती आली आणि वेबने ती उचलली. दुसरी ओळ ‘कंटेंट-डिस्पोझिशन’. तिच्यात ‘इनलाइन’ लिहिलं असेल तर ब्राउझरने जमल्यास फाइल तिथेच दाखवायची, ‘अटॅचमेंट’ असेल तर उतरवून घ्यायची.

पहिली ओळ चुकली की काय होतं, हे ऑफिस २००७ आल्यावर अनेकांनी अनुभवलं. वर्डची नवी ‘डॉक्स’ (.docx) फाइल उतरवायला जावं तर ती झिप, म्हणजे अनेक फाइलचं दाबून बांधलेलं गाठोडं, म्हणून सेव्ह व्हायची. कारण डॉक्स ही आतून झिपच असते. विश्वास बसत नसेल तर एखाद्या डॉक्स फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटी ‘.zip’ लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर दिसेल, त्यात मजकुराची एक्सएमएल फाइल आणि ‘मीडिया’मध्ये तुम्ही चिकटवलेले फोटो. जुन्या सर्व्हरना हा नवा प्रकार ठाऊक नव्हता. मग इंटरनेट एक्सप्लोरर फाइलचे पहिले काही बाइट बघून अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज झिपचाच निघायचा.

फाइलच्या मराठी नावांचा प्रश्नही याच ओळींतला आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, ३ बाइट घेतं आणि हेडरमध्ये सुरक्षित पाठवायचं तर प्रत्येक बाइटसाठी टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरं लागतात. ‘अर्ज’ या शब्दात संगणकाच्या हिशेबी अ, र, हलन्त आणि ज अशी ४ चिन्हं आहेत, म्हणजे एवढ्याशा नावासाठी ३६ अक्षरं! हे कसं लिहायचं याचं वेबसाठीचं मानक २०११ पासून आहे. तरीही मराठी नावाची फाइल उतरवल्यावर अगम्य चिन्हांची माळ दिसते, तेव्हा बहुतेक वेळा संकेतस्थळ बनवणाऱ्याने तेवढी काळजी घेतलेली नसते. आपल्या भाषेतल्या नावाला एवढा मान मिळायलाच हवा.

आता ब्राउझर. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये डाउनलोड्सच्या सेटिंगमध्ये ऑफिसच्या फाइल ब्राउझरमध्येच दाखवण्याचं बटण आहे. ते चालू असेल तर फाइल मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन व्ह्यूअरमार्फत दिसते. नको असेल तर बंद करा. फायरफॉक्समध्ये ‘ॲप्लिकेशन्स’च्या यादीत प्रत्येक प्रकारापुढे पर्याय निवडता येतो: सेव्ह करा, अमुक प्रोग्रॅममध्ये उघडा किंवा दर वेळी विचारा. मार्च २०२२ मधल्या ९८ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने न विचारता उतरवणं हा मूळ पर्याय केला आणि नुसत्या ‘उघडलेल्या’ फाइलही डाउनलोड्समध्ये ठेवायला सुरुवात केली. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर याचा अर्थ गंभीर आहे. तुम्ही फक्त वाचायला उघडलेलं उत्पन्नाचं किंवा जातीचं प्रमाणपत्र मागे राहतं. अशा ठिकाणी ‘दर वेळी विचारा’ हाच पर्याय मला योग्य वाटतो आणि उठण्याआधी डाउनलोड्स रिकामं करणंही.

शेवटचा निर्णय वर्डचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. ब्राउझर फाइल उतरवताना विंडोज तिच्यासोबत एक अदृश्य टिपण जोडतं. त्यात ‘झोन ३’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ही इंटरनेटवरून आली. ऑफिस २०१० पासून असं टिपण दिसलं की फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये, वर पिवळी पट्टी घेऊन उघडते. नुसतं वाचायचं असेल तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबण्याची काहीही गरज नसते, तरी हात आपसूक तिकडे जातो. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी पुढे जाऊन अशा फाइलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्रॅम, मुळातच अडवले. मार्च १९९९ मधल्या मेलिसा विषाणूपासून वर्डचे मॅक्रो हा हल्लेखोरांचा आवडता मार्ग होता, हे पाहता ही पावलं फार उशिरा पडली. फाइल खात्रीची असेल तर तिच्यावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ करता येतं. एकेका फाइलपुरता निर्णय घ्या, सगळं संरक्षण कायमचं बंद करू नका.

हे टिपण मात्र एनटीएफएससारख्या (विंडोजच्या डिस्कवर फाइल साठवण्याच्या नेहमीच्या) पद्धतीच्या डिस्कवरच टिकतं. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट या वेगळ्या पद्धतींचे असतात, त्यामुळे फाइल तिकडे कॉपी केली की ते गळून पडतं. मग दुसऱ्या संगणकावर तीच फाइल पिवळ्या पट्टीशिवाय उघडते, आणि तिच्यात मॅक्रो असतील तर एका क्लिकवर ते चालू करणारं जुनंच ‘एनेबल कंटेंट’ बटण समोर येतं. पेनड्राइव्हवरून आलेल्या अनोळखी एक्सेल फाइलवर ते बटण दाबू नका.