दोन समांतर बोअर : गॅरेजमध्ये घडणाऱ्या पेंटबॉल मार्करची पार्श्वभूमी

६०६१-टी६ या जातीच्या ॲल्युमिनियमचा वीतभर लांबीचा ठोकळा. त्यात एकाखाली एक अशी दोन समांतर भोकं (बोअर) पाडायची आणि मग नको तिथला धातू काढत जायचं. अमेरिकेत हौशी मशिनिस्ट आपापल्या गॅरेजमध्ये पेंटबॉल मार्करची, म्हणजे खेळात रंगाची गोळी वायूच्या दाबानं मारणाऱ्या साधनाची, बॉडी अशी कोऱ्या धातूतून घडवतात. दुकानात तयार मार्कर मिळत असताना एवढा खटाटोप का करायचा, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. पण या खेळाचं साहित्य आधी लहान वर्कशॉपमध्ये घडलं आणि मोठे कारखाने मागून आले. गॅरेजमधला मशिनिस्ट हा या इतिहासाचा मुख्य प्रवाह आहे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मात्र खेळासाठी झाली नव्हती. मिशिगन राज्यातल्या आयर्न माउंटन गावची नेल्सन पेंट कंपनी झाडांवर खुणा करण्याचा रंग बनवायची. कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं राखायचं, हे वनकर्मचारी रंगाच्या ठिपक्यानं ठरवत. ओढ्यापलीकडच्या झाडावर लांबूनच ठिपका मारता यावा म्हणून जिलेटिनच्या गोळीत तेलरंग भरायची कल्पना निघाली. औषधांच्या कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीकडे ते तंत्र होतंच. १९६०च्या दशकात क्रॉसमन या हवाई बंदुकांच्या कंपनीनं यासाठी ७०७ नावाचं पिस्तूल बनवलं. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेझी कंपनीनं 'नेल-स्पॉट ००७' तयार केलं. डेझीच्या जेम्स हेल यांना त्याचं पेटंट १९७४ साली मिळालं. गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटरच्या आसपास. तोच आजही चालतो.

२७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथं बारा जण ही पिस्तुलं घेऊन रानात उतरले. हेझ नोएल, चार्ल्स गेन्स आणि बॉब गर्न्सी या तिघांनी हा डाव रचला होता. सगळे झेंडे गोळा करून जिंकले रिची व्हाइट, तेही एकदासुद्धा गोळी न झाडता. ते पेशानं वनकर्मचारी होते. मला हा तपशील फार आवडतो. ज्यांच्या कामासाठी हे अवजार बनलं होतं, त्यांच्यातल्याच एकानं खेळाचा पहिला डाव मारला.

गर्न्सींनी लगेच खेळाची कंपनी काढली आणि मैदानं वाढू लागली. अडचण पिस्तुलाची होती. नेल-स्पॉट हे झाडावर ठिपका मारायचं साधन. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा दांडा) हातानं मागेपुढे करायचा, पुढची गोळी घरंगळून जागेवर यावी म्हणून पिस्तूल कलतं करायचं, आणि १२ ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं संपलं की मागचं टोपण उघडून नवं घालायचं. झाड पळत नसल्यामुळे वनकर्मचाऱ्याला घाई नव्हती. खेळाडूला होती, आणि पिस्तूल खेळासाठी घडवलेलंच नव्हतं. मग ज्याच्याकडे लेथ होता त्यानं स्वतःच फेरफार सुरू केले. कुणी नळीखाली पंपाची मूठ बसवली, कुणी नळकांडं झटकन बदलण्याची सोय केली, कुणी लांब पितळी बॅरल लावलं.

याच काळात मार्करच्या रचनेची दोन घराणी पडली आणि बॉडी बनवणाऱ्याला आजही त्यातलं एक निवडावं लागतं. नेल-स्पॉटच्या वळणाच्या नेल्सन घराण्यात बोल्ट, व्हॉल्व्ह (वायू सोडणारी झडप) आणि त्यावर आदळून तो उघडणारा हॅमर हे एकाच नळीत एकामागे एक बसतात. ओरेगॉनमधल्या सीसीआय कंपनीचा फँटम हा त्यातला सर्वांत देखणा आणि काटेकोर वारस. शेरिडन घराण्यात नळ्या दोन असतात. वरच्या नळीत बोल्ट, खालच्या नळीत हॅमर आणि व्हॉल्व्ह, आणि हवा खालून वर नेणारं एक उभं छिद्र. विस्कॉन्सिनमधल्या रेसीन गावची शेरिडन कंपनी आधीपासून पितळी नळ्यांच्या हवाई रायफली बनवत होती, म्हणून तिचे पेंटबॉल मार्करही पितळी नळ्यांचेच आले.

पितळेचा मुद्दा इथं महत्त्वाचा आहे. पितळी नळ्यांना चांदीचा डाग देऊन त्या सांधता येतात, त्यामुळे लेथ आणि गॅसची शेगडी एवढ्यावर मार्कर उभा राहतो, मिलिंग मशीन लागतंच असं नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये ग्लेन पामर यांनी या पद्धतीला कलेच्या पातळीवर नेलं. १९८०च्या दशकात त्यांनी हातानं घडवलेला 'कमील' हा अगदी सुरुवातीच्या सेमी-ऑटोमॅटिक (ट्रिगर दाबला की गोळी सुटून पुढची आपोआप तयार होणाऱ्या) मार्करांपैकी एक. ॲल्युमिनियमला असा डाग सहज घेता येत नाही. त्यामुळे दोन नळ्यांची रचना ॲल्युमिनियममध्ये आणायची, तर दोन्ही नळ्या एकाच ठोकळ्यात कोराव्या लागतात. 'बॉडी मशिन करणं' हे काम इथून जन्माला आलं.

ते सर्वांत नेटकं जमलं बड ऑर यांना. कॅलिफोर्नियात त्यांची 'वर गेम प्रॉडक्ट्स' ही कंपनी होती. त्यांच्या 'स्नायपर' पंप मार्करमध्ये शेरिडनचीच मांडणी होती, पण अख्खी बॉडी एका तुकड्याची. मागे एक चौकोनी ठोकळा, तो बोल्टला जोडलेला, आणि त्या ठोकळ्यापासून पुढच्या पंपापर्यंत जाणारी एक सळई. पंप ओढला की सळई ठोकळ्याला मागे ढकलते, बोल्ट उघडतो आणि हॅमर अडकतो. १९९०च्या सुमारास ऑर यांनी याच मार्करच्या तोंडाशी हवेचा एक छोटा सिलिंडर, दाब कमी ठेवणारा रेग्युलेटर आणि ट्रिगरला जोडलेला तीन वाटांचा व्हॉल्व्ह बसवला. हाताचं काम हवा करू लागली. हाच ऑटोकॉकर. मूळ पंप मार्कर जवळजवळ तसाच ठेवून त्याला स्वयंचलित करण्यातली हुशारी आजही थक्क करते. सगळं यंत्र बाहेरून दिसतं, प्रत्येक भाग सुटा निघतो, त्यामुळे दुसऱ्या कारागिराला त्यात हात घालायला भरपूर वाव राहिला.

इतरांच्या वाटा वेगळ्या होत्या. इंडियानातल्या फोर्ट वेनचे डेनिस टिपमन खऱ्या मशीनगनच्या निम्म्या आकाराच्या चालत्या प्रतिकृती बनवत. १९८६च्या अमेरिकी कायद्यानं नव्या मशीनगनच्या खासगी विक्रीचा मार्ग बंद केला आणि टिपमन पेंटबॉलकडे वळले. पेंटबॉल मार्करमध्ये स्फोटक दारू नसते, म्हणून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो बंदूक ठरत नाही. गॅरेजमधला मशिनिस्ट परवान्याच्या चिंतेशिवाय बॉडी कोरू शकतो, त्याचंही हे एक कारण. टिपमनचा १९९८चा 'मॉडेल ९८' डाय-कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या साच्यात (डायमध्ये) ओतलेल्या, दोन अर्ध्या कवचांचा निघाला. स्वस्त, दणकट, भाड्यानं देण्यासाठी उत्तम, पण त्या डायचा खर्च पाहता घरी कुणी तसला मार्कर बनवायच्या भानगडीत पडत नाही. टॉम के यांच्या इलिनॉयमधल्या एअरगन डिझाइन्सचा 'ऑटोमॅग' याच्या अगदी उलट. त्यात सगळी गुंतागुंत व्हॉल्व्हमध्ये, बॉडी म्हणजे जवळपास सरळ नळी. म्हणून लेथवाल्यांना तो प्रिय.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑटोकॉकर हा सजावटीचा विषय झाला. शॉकटेक, बेलसेल्स, फ्रीफ्लो, डाय यांच्यासारख्या नावांनी बॉडीवर आपापल्या ढंगाच्या खाचा, वळणं आणि कडा कोरल्या, ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्यानं संरक्षक थर चढवणाऱ्या अ‍ॅनोडायझिंगमध्ये एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटा आणल्या. वजन कमी करणं हे कारण सांगितलं जाई, पण खरा आनंद आकाराचा होता. हे काम पाहून अनेकांना पहिल्यांदा वाटलं, की हे आपणही करू शकतो.

इलेक्ट्रॉनिक मार्कर याच सुमारास आले: १९९६ला स्मार्ट पार्ट्सचा शॉकर, १९९७ला ब्रिटनच्या डब्ल्यूडीपीचा एंजल. सोलेनॉइड (विजेनं चालणारा व्हॉल्व्ह), सर्किट बोर्ड, गोळी ओळखणारे सेन्सर, वर पेटंटचे खटले. वेग प्रचंड वाढला. २००४ साली 'वर गेम प्रॉडक्ट्स' के२ या क्रीडासाहित्य कंपनीकडे गेली आणि काही वर्षांत ऑटोकॉकरचं कारखान्यातलं उत्पादन थांबलं.

पण तोवर यंत्रंच घरी येऊ लागली होती. ब्रिजपोर्ट कंपनीनं १९३८ साली आणलेली उभी मिलिंग मशीन पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकी टूलरूममध्ये राबली, आणि कारखाने सीएनसीकडे (संगणकानं चालणाऱ्या यंत्रांकडे) वळले तशा त्या जुन्या मशीन हौशी लोकांच्या हाती आल्या. चिनी बनावटीच्या टेबलावर मावणाऱ्या मिल आल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तयार झालेलं नियंत्रण सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं आणि त्यातूनच पुढे लिनक्ससीएनसी घडलं. मोटर जोडल्या की साधी मिलसुद्धा वळणदार कोरीव काम करू लागली.

वळणं दिसायला अवघड वाटतात, पण खरी परीक्षा बोअरची असते. भोसरीत किंवा कोल्हापुरात लेथवर हात काळे केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. लांब भोकात ड्रिल हमखास बाजूला वाहतं. दोन्ही टोकांकडून भोक पाडलं, तर मध्ये पायरी राहण्याची भीती. म्हणून आधी कमी मापाचं ड्रिल, मग भोक सरळ आणि मोठं करणारा बोरिंग बार, शेवटी माप नेमकं आणि आतली बाजू गुळगुळीत करायला रीमर किंवा होनिंग. दोन बोअर समांतर नसतील, तर बोल्ट आणि हॅमर यांना जोडणारी पिन अडखळते. बोअर काही थाऊंनी (इंचाच्या हजाराव्या भागांनी) मोठा झाला, तर ओ-रिंगवरून (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावरून) हवा गळते, लहान राहिला तर बोल्ट जड चालतो. त्यात अ‍ॅनोडायझिंगचा थर काही आत, काही बाहेर वाढतो आणि काटेकोर बोअरचं माप बदलतो. बाहेरचा आकार बहुतेक जण शेवटी घेतात, कारण बोअर बिघडला तर ठोकळा वाया, पण निदान पुढचे तास तरी वाचतात.

दाबाच्या बाबतीत मात्र जाणते लोक हौस बाजूला ठेवतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब २१ अंश सेल्सिअसला सुमारे ८५० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो, आणि संकुचित हवेच्या बाटल्या ४५०० पीएसआयपर्यंत भरतात. बाटली आणि तिचा रेग्युलेटर प्रमाणित कारखान्यातलाच घ्यायचा. मैदानावर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात, तो क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय घरचा मार्कर कुणी आत नेऊ देत नाही, आणि डोळ्यांवरचा मास्क सगळ्यांनाच सक्तीचा.

बॅरलच्या तोंडाचे आटे मात्र सगळे ठरलेलेच पाडतात: १५/१६ इंच, इंचाला २०. ऑटोकॉकरचं उत्पादन थांबलं, पण ते माप राहिलं, आणि पुढच्या अनेक कंपन्यांनीही तेच घेतलं. त्यामुळे आज गॅरेजमध्ये कोरलेल्या बॉडीवर १९९०च्या दशकातलं बॅरल थेट बसतं.