तीन बाल सुलतान आणि चाळीस वर्षे: निजामशाहीच्या अखेरीची पार्श्वभूमी

ऐतिहासिक मालिकेचा विषय ठरवताना बहुतेक वेळा आधी नायक निवडला जातो आणि काळ त्याच्यामागोमाग येतो. त्यामुळे तो काळ नायकाच्या मागे लावलेल्या पडद्यासारखा उरतो, आणि नायक पडद्यावर नसला की प्रेक्षकाला पाहण्यासारखे काही राहत नाही. दीर्घ मालिकेला खरे तर असा काळ हवा, ज्यात सत्ता कुणाची हेच ठरलेले नाही आणि त्या एका प्रश्नाभोवती निरनिराळ्या थरांतली माणसे ओढली जातात. १५९५ ते १६३६ या काळातली अहमदनगरची निजामशाही हा असा काळ आहे. बाहेरून पाहता ही मोगलांच्या आक्रमणापुढे बुडत गेलेल्या राज्याची कहाणी वाटते. मात्र तिच्या पोटात एकच गोष्ट तीनदा घडली: वंशातल्या एका दुबळ्या किंवा अजाण वारसाला गादीवर बसवायचे आणि त्याच्या नावाने राज्य वाचवायचे. पहिल्यांदा हे एका राजकन्येने केले, दुसऱ्यांदा गुलामगिरीतून वर आलेल्या हबशी सरदाराने आणि तिसऱ्यांदा एका मराठा सरदाराने.

बहमनी राज्य फुटत असताना मलिक अहमदने १४९० साली ही सत्ता उभी केली आणि चार वर्षांनी अहमदनगर शहर वसवले. दरबारात दख्खनी, इराण-तुराणातून आलेले परदेशी आणि आफ्रिकेतून आलेले हबशी असे गट होते, आणि लष्कराचा मोठा भार मराठा सरदारांच्या घोडदळावर होता. सुलतान खंबीर असेल तोवर हे गट एकमेकांना तोलून धरत, आणि तो दुबळा पडला की तेच एकमेकांच्या जिवावर उठत. १५८८ साली मुर्तजा निजामशाहाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, मारले आणि पुढल्याच वर्षी मीरान हुसेनचाही खून झाला. १५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशाह वारला, आणि त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना पडला. त्यानंतर गादीवर हक्क सांगणारे चार वारस चार गटांनी पुढे केले. त्यांपैकी मियाँ मंजू या वजिराने उभा केलेला अहमद तर राजवंशातलाच नाही, असा बोभाटा झाला. हबशी सरदारांनी कोंडीत पकडल्यावर याच मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीसाठी बोलावले. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, पण तोवर मोगल फौज वाटेला लागली होती.

मालिका इथून सुरू व्हावी, कारण चांदबीबी इथे पुढे येते. हुसेन निजामशाहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिलेली होती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी दोन वैरी घराणी ज्या सोयरिकीने जोडली गेली, तिच्यातलाच हा विवाह होता. १५८० मध्ये ती विधवा झाली, नऊ वर्षांच्या इब्राहिम आदिलशाहाची पालक म्हणून तिने विजापूरचा कारभार पाहिला आणि तिथल्या गटबाजीत साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. माहेरी ती परतली तेव्हा बाल सुलतानाच्या नावाने राज्य कसे चालवतात याचा अनुभव तिच्याइतका दुसऱ्या कुणालाही नव्हता. तिने मृत इब्राहिमच्या तान्ह्या मुलाचा, बहादूरचा पक्ष घेतला आणि किल्ला लढवला.

१५९६ च्या फेब्रुवारीत मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. वेढ्यातल्याच एकाने त्याची खबर आत पोहोचवली, आणि रात्रीतून उलटे खणत किल्ल्यातल्या लोकांनी काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. काम पुरे होण्याआधीच बाकीचे सुरुंग उडाले आणि तटाला मोठे खिंडार पडले. जयाचा मान एकट्याला मिळावा म्हणून मुरादने मोहिमेतला दुसरा मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम याला सोबत न घेताच बत्ती दिली होती, आणि या दोघांमधला मत्सर आतल्या लोकांच्या पथ्यावर पडला. बुरखा घेतलेली चांदबीबी हाती तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली, दिवसभर हल्ले परतवले गेले आणि रात्रभर खपून माणसांनी भिंत पुन्हा उभी केली. तोफेचे गोळे संपल्यावर तिने तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी डागली, असे परंपरा सांगते. वऱ्हाड देऊन तह झाला आणि किल्ला वाचला.

तरीही माझ्या मते चांदबीबीच्या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग हा नव्हे. १६०० साली शाहजादा दानियालने पुन्हा वेढा घातला, तेव्हा किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखले आणि किल्ला देऊन बाल सुलतानाला जुन्नरकडे सुखरूप न्यावे असा विचार जितेखान नावाच्या अधिकाऱ्यापुढे मांडला. त्याने बाहेर जाऊन बेगम फितूर झाल्याची ओरड केली, आणि चिडलेल्या जमावाने महालात घुसून तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. जिने चार वर्षांपूर्वी तट राखला तिलाच फितूर ठरवले गेले, आणि तेही तिने परिस्थिती अचूक ओळखली त्या क्षणी. लेखकाने या एका प्रसंगासाठी दोन भाग खुशाल राखून ठेवावेत.

राजधानी गेली, तरी राज्य संपले नाही. मोगलांच्या ताब्यात किल्ला आणि त्याभोवतीचा मुलूख आला, बाकी प्रदेश सरदारांच्या हाती राहिला. त्यांतला एक मलिक अंबर होता. सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद अशा वाटेने हातोहात फिरत दख्खनमध्ये पोहोचला आणि निजामशाहीचा वजीर चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होता. धनी वारल्यावर मुक्त झालेला अंबर काही काळ शेजारच्या राज्यांत चाकरी करून परतला, आणि १६०० नंतर परांड्याला त्याने राजवंशातल्या एकाला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले. स्वतःची मुलगीही त्याने या सुलतानाला दिली.

अंबराच्या पुढल्या पंचवीस वर्षांत मालिकेचे दोन हंगाम सहज बसतील. मियाँ राजू या प्रतिस्पर्ध्याशी त्याचा बरीच वर्षे झगडा चालला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादेला हलली. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्ला त्याने मोगलांकडून परत घेतला, आणि त्याच सुमारास दौलताबादेजवळ खडकी हे नवे शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर त्याने बांधवली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याच्या त्याच्या पद्धतीची आठवण मलिकंबरी या नावाने पुढे दीर्घकाळ राहिली. रणात मात्र तो मोठी लढाई टाळून मराठा घोडदळाकडून शत्रूची रसद तोडवत असे.

१६१७ साली त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रोक या डच व्यापाऱ्याने दरबारातली एक हकीकत लिहून ठेवली आहे. सुलतानाच्या गोऱ्या इराणी बेगमेने अंबराच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, ते अंबराच्या कानी गेले, आणि काही दिवसांत सुलतान आणि बेगम दोघेही विषप्रयोगाने मेले. त्यांच्या जागी एक लहान मुलगा तिसरा बुऱ्हाण निजामशाह म्हणून बसला. अंबराला देवमाणूस म्हणून रंगवण्याचा मोह ज्याला होईल त्याने ही हकीकत वगळू नये. राज्यासाठी आयुष्य वेचणारा आणि आपण बसवलेल्या सुलतानाला दूर करणारा माणूस एकच आहे, आणि तसाच तो दिसायला हवा.

जहांगीराला अंबर कधीच हाती लागला नाही. ही चीड एका चित्रात उतरली आहे. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने १६१६ च्या सुमारास काढलेल्या त्या चित्रात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला बादशाह भाल्याच्या टोकावर ठेवलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. अंबर तेव्हा जिवंत होता आणि पुढे दहा वर्षे जगला. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या फौजा एकत्र आल्या, तेव्हा अंबराने तलावाचे पाणी सोडून त्यांच्या तळाभोवतीची जमीन चिखलमय केली आणि रात्रीच्या छाप्यांनी हैराण करून त्यांचा धुव्वा उडवला. या लढाईत अंबराच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढले, आणि शरीफजी तिथेच पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मोगलांच्या पक्षात होते. जाधव आणि भोसले यांच्यातली तेढ जुनी. दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्याला आवरताना हाणामारी झाली आणि दोन्ही घरचे तरुण बळी पडले, असे बखरी सांगतात. जिजाबाईंचे माहेर आणि सासर असे समोरासमोर उभे असताना त्यांच्या घरात काय चालले असेल, यावर कागदपत्रे जवळजवळ गप्प आहेत, आणि नाटककाराला तिथेच मोकळीक आहे.

१६२६ मध्ये अंबर वारला. मग राज्य आतून भराभर पोखरत गेले. लखुजी पुन्हा निजामशाहीकडे आले, पण संशयाने पछाडलेल्या दरबाराने १६२९ च्या जुलैत दौलताबादेला मुजऱ्यासाठी आलेल्या लखुजींना, त्यांच्या दोन मुलांना आणि नातवाला एकाच वेळी कापून काढले. काही महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर जिजाबाईंच्या पोटी शिवाजीराजांचा जन्म झाला. शहाजीराजे निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. याच सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला.

शहाजहान फौज घेऊन बऱ्हाणपुराला बसला होता आणि तिथेच जून १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात वारली. पण त्या वर्षी दख्खनमधला खरा प्रलय दुष्काळाचा होता. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन ओस पडले. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनीच अभंगात सांगितले आहे. किल्ले आणि दरबार यांतच फिरणारी मालिका या भागात एका गावात उतरली नाही, तर तिने या काळाचा अर्धा हिस्सा दाखवलाच नाही असे मी म्हणेन.

मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान आधी कैदेत होता. सुटल्यावर त्याने बुऱ्हाणशाहाचा काटा काढला आणि हुसेन नावाच्या अल्पवयीन मुलाला बसवले. १६३३ च्या जूनमध्ये मोगल सेनापती महाबतखानाने दौलताबाद घेतले आणि हुसेनही ग्वाल्हेरला गेला. या वेळेपर्यंत मोगलांची चाकरी सोडलेल्या शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर राजवंशातल्या एका बालकाला, मुर्तजाला, गादीवर बसवले. त्याला मांडीवर घेऊन ते स्वतः सिंहासनावर बसले, अशी आठवण परंपरेने जपली आहे. चांदबीबी आणि अंबर यांनी वापरलेला डाव आता मराठा सरदाराच्या हाती आला होता आणि तीन वर्षे त्याने तो निकराने चालवला.

या मालिकेत पक्षांची वाटणी धर्मावर करता येत नाही. मराठे, हबशी, दख्खनी, इराणी आणि राजपूत सगळ्याच बाजूंना आहेत आणि एकाच माणसाने आयुष्यात दोन-तीनदा बाजू बदललेली आहे. संवादांतही मराठी, दख्खनी आणि फारसी यांचा वावर दिसायला हवा, म्हणजे कोण कुणाशी कोणत्या बोलीत बोलतो यावरूनच दरबार उलगडत जाईल.

१६३६ मध्ये शहाजहान आणि आदिलशाह यांनी तह करून निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. माहुलीच्या किल्ल्यात कोंडले गेलेल्या शहाजीराजांना बाल मुर्तजाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले, आणि त्यांनी स्वतः आदिलशाही चाकरी पत्करली. मुर्तजाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात धाडण्यात आले, तेव्हा आधीचे दोन निजामशाह, बहादूर आणि हुसेन, तिथे कैदेतच होते. शिवाजीराजे त्या वेळी सहा वर्षांचे होते. मालिका त्यांच्या कर्तृत्वापर्यंत ओढत न नेता माहुलीलाच संपवावी, कारण पुढचे सारे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि आधीचे हे सारे फारसे ठाऊक नाही.